ड्रायर तापेनासा झाला: दुरुस्तीच्या नोंदी

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

दिवाळीचे पाहुणे मंगळवारी गेले आणि त्यांच्या मागे राहिलेल्या चादरी, अभ्रे आणि पंचे यांचा ढीग आज धुण्याला टाकला. धुण्याचे यंत्र नीट चालले. ड्रायरमधून मात्र सत्तर मिनिटांनी कपडे काढले तेव्हा ते जसे घातले होते तसेच गार आणि ओले निघाले. ड्रम फिरत होता, आतला दिवा लागत होता, वेळेचा काटाही सरकत होता. फक्त ऊब नव्हती.

महाराष्ट्रात ‘ड्रायर’ म्हटले की सेमी-ऑटोमॅटिक यंत्रातला, कपडे गरगर फिरवून पिळून देणारा दुसरा हौद डोळ्यांपुढे येतो. इकडे न्यू जर्सीत एडिसनमधल्या आमच्या घरी आहे तो त्याहून वेगळा प्रकार आहे. यात विजेच्या कॉइलने तापवलेली हवा फिरत्या ड्रममधून ओढली जाते, ती कपड्यांतले पाणी वाफेच्या रूपाने घेते आणि चार इंच व्यासाच्या नळीतून घराबाहेर टाकली जाते. घर १९८८ चे आहे, यंत्र पंधरा-सोळा वर्षांचे असावे आणि ते आम्हांला घराबरोबरच मिळाले.

ही नोंदवही ठेवण्याचे कारण एवढेच, की मागे भांडी धुण्याचे यंत्र उघडले तेव्हा कोणती तार कुठून काढली हे विसरल्यामुळे दोन शनिवार वाया गेले होते.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. नुसते येऊन पाहण्याचे सव्वाशे डॉलर आणि तेही पुढच्या गुरुवारनंतर. तेव्हा पहिली तपासणी स्वतःच करायचे ठरवले, आणि ती यंत्राची नव्हे तर विजेच्या पुरवठ्याची. या ड्रायरला २४० व्होल्ट लागतात आणि ते १२० व्होल्टच्या दोन तारांमधून मिळतात. मोटर, दिवा आणि घड्याळ यांना एक तार आणि न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, पुरते, कॉइलला मात्र दोन्ही तारा लागतात. त्यामुळे ३० अँपिअरच्या जोडब्रेकरची एकच बाजू गेली, तर ड्रम निमूटपणे फिरत राहतो आणि ऊब येत नाही. पुष्कळदा सारा दोष एवढाच असतो. ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला, प्लग काढून भिंतीतल्या सॉकेटवर मल्टिमीटर लावला. दोन तिरक्या खाचांमध्ये २४१ व्होल्ट, प्रत्येक तिरकी खाच आणि इंग्रजी एलच्या आकाराची खाच यांमध्ये १२० व्होल्ट. पुरवठा ठीक आहे. दोष यंत्रातच आहे.

आई आमच्याकडे राहायला आली आहे. ती ओल्या चादरी जिन्याच्या कठड्यावर पसरत म्हणाली, “अरे, एवढं लख्ख ऊन पडलंय, मागे एक दोरी बांध की.” बाहेर कपडे वाळत घालू नयेत असा आमच्या वसाहतीचा नियम आहे, हे तिला तिसऱ्यांदा सांगितले. तो नियम तिला पटलेला नाही. खरे तर मलाही नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

प्लग काढला, यंत्र पुढे ओढले आणि पाठीचा पत्रा काढला. पाव इंची षट्कोनी डोक्याचे नऊ स्क्रू होते. ते काढले त्याच क्रमाने पुठ्ठ्यात टोचून ठेवले.

पाठीमागून पाहता उजव्या हाताला पत्र्याची एक उभी, अरुंद पेटी दिसते. कॉइल तिच्यात असते. पेटीच्या अंगावर दोन चपट्या गोल चकत्या आहेत, साधारण जुन्या पंचवीस पैशांच्या नाण्याएवढ्या. दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचा स्वभाव अगदी निराळा आहे. एक उच्चमर्यादा थर्मोस्टॅट आहे. तो १२१ अंश सेल्सिअसला कॉइलचा प्रवाह तोडतो आणि पेटी निवली की पुन्हा जोडतो. दुसरी चकती म्हणजे थर्मल कट-ऑफ. तो १७८ अंशांना तुटतो आणि एकदा तुटला की कायमचा तुटतो. याखेरीज पंख्याच्या घरावर आणखी दोन पहारेकरी आहेत. ६८ अंशांच्या आसपास कॉइल बंद-चालू करणारा नेहमीचा थर्मोस्टॅट, आणि ९१ अंशांना वितळणारा फ्यूज. हा फ्यूज गेला तर या रचनेत मोटरच सुरू होत नाही. आमची मोटर फिरते आहे, त्याअर्थी तो शाबूत आहे, हे उघडण्याआधीच कळत होते.

प्रत्येक भागाची निदान एक तार काढून मगच मोजले, कारण तारा जागेवर असताना मोजले तर मल्टिमीटरला दुसरी वाट सापडते आणि तो खोटी साक्ष देतो. कॉइल १०.६ ओहम. ५४०० वॉटची कॉइल २४० व्होल्टवर साडेबावीस अँपिअर घेते, म्हणजे तिचा रोध १०.७ ओहमच्या जवळ हवा. कॉइल उत्तम आहे. तिचे एक टोक आणि पेटीचा पत्रा यांमध्ये काहीही जोड नाही, हेही पाहून घेतले. कॉइल तुटून किंवा लोंबून पत्र्याला टेकली, तर थर्मोस्टॅटने प्रवाह तोडल्यावरही तिचा एक भाग पत्र्यावाटे तापत राहतो, आणि कट-ऑफ जाण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. उच्चमर्यादा थर्मोस्टॅटवर मल्टिमीटरची पिपाणी वाजली, म्हणजे त्याच्या आतला जोड शाबूत आहे. कट-ऑफवर वाजली नाही. टोके घासून पुन्हा लावून पाहिली, तरी गप्पच. गुन्हेगार सापडला, असे त्या वेळी वाटले.

कट-ऑफच्या दोन तारा थेट जोडून यंत्र चालते का पाहावे, हा मोह क्षणभर झाला. पण तो भाग वगळून चालणारे यंत्र म्हणजे घरात बिनपहाऱ्याची शेगडी. मोह आवरला आणि भाग मागवला. थर्मोस्टॅट आणि कट-ऑफ जोडीनेच मिळतात आणि जोडीनेच बदलायचे असतात. सत्तावीस डॉलर.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

भाग आला. संध्याकाळी अर्ध्या तासात दोन्ही चकत्या बदलल्या. कट-ऑफकडे जाणाऱ्या एका तारेच्या टोकाची चपटी टोपी करपून तपकिरी झाली होती आणि बोटाने हलवली तर सैल लागत होती. अशी सैल जोडणी स्वतःच तापते, म्हणून तार पाऊण इंच मागे कापून उष्णता सोसणारी नवी टोपी दाबून बसवली. पाठ लावली, यंत्र सुरू केले आणि दोन मिनिटांत ड्रममध्ये ऊब आली.

घरातल्या सर्वांचे समाधान झाले. माझे पुरते झाले नाही. आपोआप कोणताच पहारेकरी मरत नाही. पेटी १७८ अंशांपर्यंत गेली, म्हणून तो मेला. ती एवढी का तापली, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आजचा दिवस मोजमापाचा. भारतात जाताना बॅगा तोलायला घेतलेला ताणकाटा काढला. पिळून निघालेल्या कपड्यांचे वजन ७.९ किलो भरले. याच कपड्यांचे कोरडे वजन ५.१ किलो होते. म्हणजे २.८ किलो पाणी बाहेर घालवायचे आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ०.६७ युनिट वीज लागते, तेव्हा आदर्श स्थितीत हे काम १.९ युनिटांत व्हावे. उष्णता कपडे, पत्रा आणि बाहेर जाणारी हवा यांतही जाते, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या दीडपटीहून थोडी अधिक वीज धरायला हवी. ५.४ किलोवॉटच्या कॉइलला पाऊण तास पुरेसा आहे.

लागला एक तास पन्नास मिनिटे.

विजेच्या मुख्य पॅनेलमध्ये दोन वर्षांपूर्वी मोजमापाचा एक डबा बसवून घेतला होता, तो घरातल्या विजेचा आलेख फोनवर सेकंदासेकंदाने दाखवतो. कपडे ओलेचिंब असताना पहिली वीस-पंचवीस मिनिटे कॉइल अखंड तापत राहिली पाहिजे, कारण सारी उष्णता पाणी पिऊन टाकते आणि बाहेर पडणारी हवा ६८ अंशांपर्यंत पोहोचतच नाही. आमचा आलेख सुरुवातीपासून किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखा दिसला. एक मिनिट ५.७ किलोवॉट, मग दोन मिनिटे मोटरचे नुसते ०.३, पुन्हा एक मिनिट वर. कपडे थंड असताना प्रवाह तुटतो आहे, म्हणजे तो नेहमीचा थर्मोस्टॅट तोडत नाही. कॉइलच्या पेटीवरचा, १२१ अंशांचा तोडतो आहे. तो रोजच्या कामासाठी नसतो, संकटासाठी असतो, आणि आमच्याकडे तो दर तीन मिनिटांनी कामाला येतो आहे.

पेटी तापते याचा अर्थ तिच्यातून पुरेशी हवा वाहत नाही. पण हवा यंत्रातच अडते की बाहेर नेणाऱ्या नळीत, हे ठरवायला एक सोपा प्रयोग केला. यंत्रामागची लवचिक नळी काढून ठेवली आणि ओले पंचे घालून दहाच मिनिटे यंत्र चालवले. खोलीत दमट वाफ कोंदली, आरशावर घाम आला, पण आलेख सरळ सपाट राहिला. दहा मिनिटांत कॉइल एकदाही बंद पडली नाही. नळी लावली, की चर्या परत हजर.

तेव्हा गुरुवारी बदललेला भाग रोग नव्हता, रोगाचे लक्षण होते. यंत्र निरोगी आहे. त्याचा श्वास कोंडला आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर

लवचिक नळी चांदीच्या वर्खासारख्या पातळ पन्नीची आहे. यंत्र भिंतीला टेकवताना ती कधीतरी चेपली गेली होती आणि मधोमध तिची जाडी दोन बोटे उरली होती. आत लिंट, म्हणजे कपड्यांची झडलेली लव, गच्च बसलेली. नळी टाकून दिली.

भिंतीतून पुढे जी पत्र्याची नळी जाते तिच्यात विजेरी धरली, तर हातभर अंतरावर राखाडी पडदा दिसला. ते काम मोठे आहे आणि आज वेळ नव्हता. म्हणून आज फक्त यंत्राचे पोट साफ केले. वरचा पत्रा पुढच्या दोन कोपऱ्यांत लांबी भरायची पट्टी सारून उचकटला, तो मोटारीच्या बॉनेटसारखा मागे उघडतो. दाराच्या स्विचची तार सोडवून पुढचा पत्रा काढला, खालून हात घालून ताण देणाऱ्या कप्पीवरून पट्टा सोडवला आणि ड्रम उचलून बाहेर घेतला. तळाशी लिंटची गादीच होती. तिच्यात सापडले ते असे: पंचवीस सेंटची तीन नाणी, पाच रुपयांचे एक, ब्लाउजचे चार हूक, एक पेन्सिल आणि मुलीचा हरवलेला म्हणून बराच काळ गाजलेला मोजा. ड्रमखालचे दोन्ही मागचे रूळ हाताने फिरवून पाहिले, ते मोकळे आणि बिनआवाजाचे आहेत. पट्ट्याच्या उभ्या रेघा ड्रमच्या बाजूला येतील असाच तो परत चढवायचा. मी आधी उलटा चढवला होता.

आईने ती लिंट चाळून पाहिली आणि तिच्या वाती होतील का, असे विचारले. चार-पाच वाती तिने वळूनही टाकल्या, छान वळल्या. अंगणात लोखंडी तव्यावर एक ठेवून पेटवली. समईतली वात जशी हळूहळू जळते तसे काहीच झाले नाही. काडी जवळ नेताच ती एका भपक्यात संपली आणि पॉलिएस्टरचा उग्र वास मागे राहिला. आई म्हणाली, “देवापुढे नको रे बाबा हे.” त्यानंतर लिंटकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

इथल्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा आढावा घेतला होता. त्यात अमेरिकेतल्या घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २९०० आगी लागल्याचे आणि त्यांतल्या ३४ टक्के आगींमागे साफसफाई न करणे हे प्रमुख कारण असल्याचे नोंदले आहे. पुढचे काम होईपर्यंत ड्रायर बंद ठेवायचा आणि कपडे घरातच दोऱ्या बांधून वाळवायचे, असे ठरले. या निर्णयाचा आनंद घरात एकाच व्यक्तीला झाला.

शनिवार, २३ नोव्हेंबर

नळी साफ करण्याचा ब्रश आणला. तीन-तीन फुटांच्या लवचिक कांड्या एकमेकींत आट्यांनी बसतात, टोकाला ब्रश आणि दुसऱ्या टोकाला ड्रिल. वेष्टनावर ठळक लिहिले होते, की ड्रिल फक्त उजवीकडे फिरवावे. पहिल्या तीन कांड्यांपर्यंत झकास चालले. बादलीभर लिंट निघाली. मग ब्रश वळणावर अडला, तो सोडवण्यासाठी मी ड्रिल सहज डावीकडे फिरवले, आणि आट्यांनी बसलेली वस्तू डावीकडे फिरवल्यावर जे व्हायचे ते झाले. कांड्या हातात आल्या, ब्रश आत राहिला.

आता पोटमाळ्यावर चढण्यावाचून गत्यंतर नाही. ते उद्या.

रविवार, २४ नोव्हेंबर

नळीचा मार्ग आधी कागदावर काढला. ड्रायरमागच्या भिंतीत शिरताना एक काटकोनी एल्बो, मग भिंतीतून आठ फूट सरळ वर, पोटमाळ्यात पोहोचताच दुसरा एल्बो, तिथून तुळयांवरून आडवी सहा फूट, तिसरा एल्बो, आणि पुन्हा आठ फूट जाऊन त्रिकोणी भिंतीवरच्या झडपेतून बाहेर. एकूण २२ फूट आणि तीन काटकोन. इथल्या निवासी इमारत संहितेचा सर्वसाधारण नियम असा आहे, की ड्रायरची नळी ३५ फुटांपेक्षा लांब नसावी आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातून पाच फूट वजा करावेत. तीन वळणांचे पंधरा गेले, उरले वीस. आमची नळी मुळातच दोन फूट लांब आहे. साफ असतानाही तिला दम लागत असणार.

पोटमाळ्यात वाकून जावे लागते. काचेच्या लोकरीने हात खाजू नयेत म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि नाकावर मास्क चढवला. तापमान बाहेरच्याइतकेच, चार-पाच अंश. नळी उघडीच होती, तिच्यावर कसलेही आवरण नव्हते. ती हाताला बर्फासारखी लागली आणि तिथेच अर्धे कोडे उलगडले. उन्हाळ्यात लिंट कोरडी असते, ती बरीचशी हवेबरोबर निघून जाते. थंडीत मात्र गरम, दमट हवा या गार पत्र्याला लागली की आतून पाणी सुटते, आणि ओल्या पत्र्यावर लिंट कागदाच्या लगद्यासारखी चिकटते. मग तिच्यावर पुढची, तिच्यावर त्याच्या पुढची.

आडव्या तुकड्याचा सांधा उघडला. सांध्यांना बाहेरून आत स्क्रू मारलेले होते, आणि आत डोकावणाऱ्या त्यांच्या प्रत्येक टोकाला लिंटची दाढी लोंबत होती. नळीच्या तळाशी ओंजळभर पाणी. दुसऱ्या एल्बोच्या पुढे चार इंचांच्या नळीत हवेला जायला उरलेली वाट माझ्या अंगठ्याएवढी होती. तो सगळा डाट मी अखंड ओढून काढला. सुमारे दीड फूट लांब, वाळल्यावर पुठ्ठ्यासारखा कडक होणारा, आणि करवतीने कापल्यावर आडव्या छेदात थर दाखवणारा. पत्र्याला लागून निव्वळ राखाडी, ते आमच्या आधीच्या घरमालकांचे. त्यावर फिक्या निळ्याची पातळ रेघ, मुलगी लहान असतानाच्या दुपट्यांची असावी. मग पुष्कळ जाड, मिश्र रंगाचा भाग. आणि हवेकडच्या अंगाला गर्द मरून आणि बाटलीहिरवा असा अर्धा बोट जाडीचा ताजा थर.

तो थर मी ओळखला. एप्रिलमध्ये आई येताना तिने बॅगेतून चार सोलापुरी चादरी आणि डझनभर पंचे आणले होते. नव्या सोलापुरी चादरीची लव पहिल्या पाच-सहा धुण्यांत किती निघते हे तिने पाहिलेले आहे, म्हणून ती गावी त्या पहिल्यांदा वेगळ्या भिजवते. इथे आम्ही त्या थेट यंत्रांतून काढल्या, आणि दिवाळीत पाहुण्यांसाठी आठवड्यात तीनदा. डाट मुळात वर्षानुवर्षांचा होता. शेवटची वाट या चादरींनी बुजवली. आईला थर दाखवला. तिने बोटाने मरून रंग कुरतडून पाहिला आणि एवढेच म्हणाली, “रंग नाही हो गेला. नुसती लव आहे.”

ब्रश पहिल्या आणि दुसऱ्या एल्बोच्या मध्ये, उभ्या नळीत अडकून होता. वरून तारेचा आकडा सोडून तो काढला.

शेवटचा तुकडा काढल्यावर त्रिकोणी भिंतीतल्या झडपेपर्यंत हात पोहोचला. बाहेरून वीस फूट उंच शिडी लावण्याची वेळ आली नाही, हे फार बरे झाले. झडपेमागे कोणीतरी पक्षी येऊ नयेत म्हणून बारीक तारेची जाळी ठोकली होती. हेतू चांगला, परिणाम वाईट. ड्रायरच्या तोंडाशी जाळी असू नये असे संहिताच सांगते, कारण ती लिंटची चाळणी होते. आमच्या जाळीवर नमद्याचे झाकणच तयार झाले होते. पकडीने ती कापून काढली. झडपेची तीन पाती साफ केल्यावर फुंकरीने हलू लागली. पाती बंद असली की पक्षी तसेही आत येऊ शकत नाहीत.

शनिवार, ३० नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बांधकाम उरकले. उद्दिष्ट एकच, एक काटकोन कमी करणे. ड्रायरमागच्या भिंतीचे जिप्सम दोन खांबांच्या मध्ये कापले आणि तिथे पत्र्याची खोलगट पेटी बसवली. आता उभी नळी सरळ या पेटीत खाली उतरते, आणि लवचिक तुकडा पेटीतच राहत असल्यामुळे यंत्र भिंतीला टेकवले तरी चेपत नाही. पहिला एल्बो गेला. पस्तिसातून दहा वजा, पंचवीस, आमचे बावीस. आता नळी नियमात बसते.

लवचिक तुकडा पन्नीचा न घेता जरा जाड ॲल्युमिनियमचा, अर्धकडक घेतला आणि लागेल तेवढाच, अडीच फूट कापला. पोटमाळ्यातले तुकडे नव्या गुळगुळीत पत्र्याचे आहेत. प्रत्येक तुकड्याचे निमुळते तोंड हवेच्या दिशेने पुढच्या तुकड्यात जाईल अशी काळजी घेतली. उलटे बसवले तर प्रत्येक सांध्यावर लिंटला ओठ मिळतो. स्क्रू मारले नाहीत. सांधे ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बांधले. कापडी चिकटपट्टी उष्णतेने वाळून सुटते. आडवी नळी झडपेकडे किंचित उतरती ठेवली, म्हणजे पाणी सुटलेच तर बाहेर जाईल, आणि सगळ्या नळीवर काचेच्या लोकरीची बाही चढवली.

जिप्समचे तोंड बुजवून लांबी भरली. रंग राहिला आहे. तो राहणार आहे, असा घरात समज आहे.

शनिवार, ७ डिसेंबर

शक्य तितके तेच कपडे, तेच वजन. ओले ७.९ किलो, कोरडे ५.१. वेळ ४८ मिनिटे. आलेखावर पहिली २७ मिनिटे एक सलग पठार, मग कपडे वाळत आल्यावर नेहमीच्या थर्मोस्टॅटच्या चर्या, आणि शेवटी सात मिनिटे नुसती गार हवा. बाहेर रस्त्यावर उभे राहून पाहिले तर त्रिकोणी भिंतीवरची पाती आडवी उघडली होती आणि वाफेचा पांढरा झोत वाऱ्यावर जात होता. गेल्या सहा वर्षांत तो मी कधी पाहिलेला नाही, आणि तो दिसत नाही याचे नवल कधी वाटले नव्हते.

विजेचा आकडा मात्र अपेक्षेहून निराळा निघाला. आधी याच कामाला ३.९ युनिट लागले होते, आज ३.२. वेळ निम्म्याहून कमी झाला, पण वीज फक्त पाऊण युनिटाने वाचली. विचार केल्यावर ते बरोबर वाटते. पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते तेवढी लागतेच, आणि तेव्हा कॉइल दोन-तृतीयांश वेळ बंद होती. वाया जात होता तो मोटरचा तासभर आणि पत्र्यातून झिरपणारी ऊब. म्हणून कोंडलेली नळी विजेच्या बिलावर चटकन लक्षात येत नाही. ती घड्याळावर लक्षात येते. एका धुण्याला एक तास लागू लागला, तेव्हाच मी नळी पाहायला हवी होती. मी मात्र दोन वर्षे वेळेचा काटा पुढे सारत राहिलो.

खर्च: चकत्यांची जोडी २७, ब्रश २२, भिंतीतली पेटी ३१, पत्रा, एल्बो, चिकटपट्टी आणि आवरण मिळून ६८. एकूण १४८ डॉलर.

मंगळवार, १७ डिसेंबर

एक गोष्ट माझ्या आवाक्याबाहेरची होती. आमचे सॉकेट तीन खाचांचे आहे, त्यात यंत्राचा पत्रा न्यूट्रलच्या तारेलाच जोडलेला असतो. १९९६ पासून इथल्या विद्युत संहितेने नव्या जोडण्यांना चार तारा सक्तीच्या केल्या. जुन्या जोडण्या तशाच चालवायला मुभा आहे, पण न्यूट्रल सैल झाली तर ड्रायरच्या पत्र्यात वीज उतरू शकते. भिंतीतली तार बदलणे हे माझे काम नव्हे, म्हणून आज परवानाधारक वायरमन बोलावला. त्याने पॅनेलपासून दहा गेजची नवी चौतारी केबल ओढली आणि चार खाचांचे सॉकेट बसवले. यंत्राच्या बाजूची, प्लगची नवी वीजदोरी मी लावली, आणि न्यूट्रलला पत्र्याशी जोडणारी आतली जोडणी काढून पत्रा हिरव्या तारेवर घेतला. तारा बसवून, प्लग लावण्याआधी न्यूट्रल आणि पत्रा यांमध्ये मल्टिमीटर धरला. पिपाणी वाजली नाही, तशी ती वाजायला नकोच होती.

दारामागे दोरीवर आईच्या दोन सुती साड्या अजून आहेत. ड्रायर चालू झाला हे तिला सांगितले आहे.